पान वाचून झाल्यावर : मराठी मजकुराची वेब पाने आणि स्क्रिप्टची वेळ

धातुसाधिते शिकवताना मी फळ्यावर एक साधे वाक्य लिहिते : ‘हात धुऊन तो पानावर बसला.’ ‘धुऊन’ या एका रूपात काळाचा क्रम आहे. धुणे आधी, बसणे नंतर. हेच वाक्य ‘हात धुता धुता तो पानावर बसला’ असे केले की वर्गात हशा पिकतो, कारण पाण्याची धार आणि जेवणाचे पान एकाच क्षणी डोळ्यांसमोर येतात. क्रियापदाचे रूप बदलले की कामांची वेळ बदलते, हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागाने एक शब्दसंग्रह आंतरजालावर ठेवला, तेव्हा ‘धुऊन’च्या जागी ‘धुता धुता’ करण्याची चूक आमच्याच हातून झाली. त्या वेळी मात्र कुणी हसले नाही. त्या चुकीतून जे शिकता आले ते प्रस्तुत लेखात मांडायचे आहे. आज अनेक शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि हौशी लेखक आपला मराठी मजकूर वेब पानांवर ठेवत आहेत. त्यांपैकी बहुतेक जण माझ्यासारखेच साहित्याचे किंवा भाषेचे विद्यार्थी आहेत, संगणकशास्त्राचे नाहीत. त्यांच्यासाठी हा पाठ आहे.

एक सूचना आरंभीच द्यायला हवी. संगणकाला द्यायच्या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्यांची नावे देवनागरीत दिली आहेत.

घडले ते असे

गोव्यातल्या मराठी लेखनात असे अनेक शब्द सहज येतात, की ज्यांचा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावा लागतो. खाजन शेतीत भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे आणि सोडणारे दार म्हणजे ‘मानस’. पोफळी, नारळ, केळी आणि मिरीवेल एकत्र नांदतात ती पाण्याकाठची बाग म्हणजे ‘कुळागर’. दारोदार पाव घेऊन येणारा तो ‘पदेर’. आमच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षे गावोगावी फिरून असे शब्द जमवले. काही शब्द जुन्या लेखनातून मिळाले, बरेचसे वृद्धांच्या तोंडून. एका निवृत्त मास्तरांनी तर स्वतःची जुनी वही आमच्या हाती दिली. तिच्यात त्यांनी पुष्कळ वर्षे शब्द, अर्थ आणि वापराची वाक्ये टिपून ठेवली होती.

संग्रह वेब पानावर ठेवायचे ठरले. संगणकाची आवड असलेल्या दोन विद्यार्थ्यांनी पान तयार केले. सर्वांत वर शीर्षक, खाली शोधाची चौकट, मग शब्दांची लांबलचक यादी आणि शेवटी वह्यांच्या पानांची छायाचित्रे. सोबत एक छोटी जावास्क्रिप्ट होती. तिची कामे तीन : शब्द मराठी वर्णक्रमाने लावणे, एकूण शब्द मोजून वर आकडा दाखवणे आणि शोधाची चौकट चालू करणे. वाचकाला आधी विस्कळीत यादी दिसू नये म्हणून ती मुद्दाम लपवून ठेवली होती. स्क्रिप्टने ती लावून घ्यायची आणि मगच उघड करायची, अशी योजना होती.

प्रयोगशाळेत पान उत्तम चालले. टाळ्या झाल्या. दोन दिवसांनी मास्तरांचा दूरध्वनी आला. ‘बाई, पान उघडले. वर नाव दिसते, खाली काहीच नाही. आमचे शब्द काढून टाकले की काय?’

मी त्यांना थोडे थांबून पुन्हा उघडायला सांगितले. त्यांनी उघडले. काहीच नव्हते. ‘राहू दे, बाई,’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते दोन शब्द आजही कानात आहेत. ज्यांनी आयुष्यभराची वही विश्वासाने दिली, त्यांना वाटले की आपले शब्द आम्हाला नकोसे झाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाला आपापल्या फोनवर पान उघडायला सांगितले. काहींना पूर्ण यादी दिसली, काहींना काहीच दिसले नाही. काहींच्या फोनवर एक तिसराच प्रकार होता. यादी दिसत होती, पण वरचा आकडा कुठे साडेतीनशे तर कुठे सहाशे. तेवढे शब्द नीट क्रमाने लागलेले आणि पुढचे जसे लिहिले होते तसेच. पान एकच, स्क्रिप्ट एकच आणि फळे तीन. हे का झाले, ते समजण्यासाठी ब्राउझर पान कसे वाचतो ते पाहावे लागते.

ब्राउझर वरून खाली वाचतो

आपल्याला वेब पान एकदम समोर आल्यासारखे वाटते. ब्राउझरला मात्र ते तुकड्या-तुकड्यांनी मिळते. एचटीएमएलचा मजकूर येईल तसा तो वरून खाली वाचतो आणि वाचता वाचता त्याची एक रचना मनात उभी करतो. या रचनेला ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’ म्हणतात, थोडक्यात ‘डॉम’. वाक्यपृथक्करणात आपण वाक्याचे उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार अशा फांद्या काढतो, तसाच हा वृक्ष असतो. मूळ म्हणजे पूर्ण पान. त्याच्या फांद्या म्हणजे शीर्षक, चौकट आणि यादी. यादीच्या फांदीला पुन्हा शब्दांच्या डहाळ्या.

जावास्क्रिप्ट काम करते ते या वृक्षावर. ‘शब्दयादी नावाची फांदी मला दे’ असे ती म्हणते. ब्राउझर अजून तिथवर वाचत पोचला नसेल, तर ती फांदी अस्तित्वातच नसते. मग स्क्रिप्टला उत्तर मिळते ‘नल’, म्हणजे काही नाही. त्या ‘काही नाही’ला क्रमाने लावायला गेले की चूक होते आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. वाचकाला ही चूक कळत नाही. ती ब्राउझरच्या ‘कन्सोल’ नावाच्या आतल्या खिडकीत नोंदवली जाते आणि ती खिडकी सामान्य वाचक कधीच उघडत नाही.

आमच्या स्क्रिप्टला विद्यार्थ्यांनी ‘असिंक’ हा गुण लावला होता. त्याचा अर्थ असा : पान वाचण्याचे काम चालू असतानाच स्क्रिप्टची फाइल मागवावी आणि ती हाती येताच, पान कुठवर वाचले आहे याचा विचार न करता, चालवावी. प्रयोगशाळेत सारे काही त्याच संगणकावर होते, त्यामुळे पान क्षणात वाचून होत असे आणि स्क्रिप्ट मागून येई. गावातल्या मंद नेटवर्कवर उलटे झाले. लांबलचक यादी हळूहळू येत राहिली आणि छोटी स्क्रिप्ट आधी पोचली. मास्तरांच्या फोनवर तेव्हा यादीचा आरंभही झालेला नव्हता. स्क्रिप्ट चुकून थांबली, लपवलेली यादी उघड करण्याची आज्ञा शेवटी होती, म्हणून यादी कायमची लपलेली राहिली. ज्यांच्या फोनवर यादी अर्धी वाचून झाली होती, तिथे स्क्रिप्टने तेवढेच शब्द मोजले, लावले आणि यादी उघड केली. उरलेले शब्द मागून येऊन तसेच जोडले गेले.

थोडक्यात, स्क्रिप्ट ‘वाचता वाचता’ चालली. तिने ‘वाचून झाल्यावर’ चालायला हवे होते.

तीन वेळा, तीन रूपे

स्क्रिप्ट चालण्याच्या मुख्य वेळा तीन मानता येतील. मराठीच्या रूपांत त्या चटकन लक्षात राहतात.

पहिली वेळ ‘वाचता वाचता’. पानात एखादी साधी स्क्रिप्ट मध्येच आली की ब्राउझर वाचन थांबवतो, ती चालवतो आणि मग पुढे वाचतो. ‘असिंक’ स्क्रिप्ट वाचन चालू असताना किंवा संपल्यानंतर, हाती येईल तेव्हा चालते. भेट देणाऱ्यांची मोजदाद करण्यासारखे, पानातल्या मजकुराशी संबंध नसलेले काम असेल तरच ही वेळ निर्धोक. अनेक असिंक स्क्रिप्ट असतील तर त्यांच्यात आधी कोण, नंतर कोण, याचीही खात्री नसते.

दुसरी वेळ ‘वाचून झाल्यावर’. पानाचा सगळा एचटीएमएल वाचून झाला आणि वृक्ष पूर्ण झाला की ब्राउझर ‘डॉम कंटेंट लोडेड’ नावाची वर्दी देतो. या क्षणी चित्रे आलेली असतीलच असे नाही, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी असतो. मजकुराशी संबंधित बहुतेक कामांची योग्य वेळ हीच.

तिसरी वेळ ‘सगळे आल्यावर’. चित्रे, शैलीच्या फाइली वगैरे पानाने मागवलेले साहित्य येऊन पोचले की ‘लोड’ ही वर्दी मिळते. चित्राची लांबी-रुंदी मोजून त्यावर काही करायचे असेल तर येथवर थांबणे भाग आहे. एरवी येथवर थांबणे म्हणजे शेवटचा पाहुणा येईपर्यंत पंगत ताटकळत ठेवणे.

आमचे चार प्रयत्न

पहिल्या प्रयत्नात विद्यार्थ्यांनी स्क्रिप्टचे काम ‘लोड’ या वर्दीला बांधले. चूक थांबली. पण पानाच्या तळाशी वह्यांची मोठमोठी छायाचित्रे होती. मंद नेटवर्कवर ती येईपर्यंत यादी लपलेली. मास्तरांच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. इतका वेळ कोरे पान पाहत कोण बसेल?

दुसऱ्या प्रयत्नात ‘असिंक’ तसेच ठेवून काम ‘डॉम कंटेंट लोडेड’ला बांधले. आता गंमत अशी झाली, की गावात पान चालू लागले आणि प्रयोगशाळेत बंद पडले! कारण सरळ आहे. वर्दी एकदाच दिली जाते. प्रयोगशाळेत पान इतक्या लवकर वाचून होई, की स्क्रिप्ट येऊन कान देऊन बसेपर्यंत वर्दी होऊन गेलेली असे. शाळेची घंटा झाल्यावर दाराशी येऊन घंटेची वाट पाहणाऱ्या मुलासारखी ती बसून राही. यावर उपाय आहे. ‘डॉक्युमेंट’ला ‘रेडी स्टेट’ नावाचा एक गुण असतो. त्याचे मूल्य वाचन चालू असताना ‘लोडिंग’, वाचून झाल्यावर ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह’ आणि सगळे आल्यावर ‘कम्प्लीट’ असते. स्क्रिप्टने आधी ते विचारावे. ‘लोडिंग’ असेल तर वर्दीची वाट पाहावी, नसेल तर लगेच कामाला लागावे.

तिसरा प्रयत्न याहून सोपा निघाला. ‘असिंक’ काढून त्या जागी ‘डिफर’ हा एक शब्द लिहिला. डिफर स्क्रिप्टची फाइल पान वाचले जात असतानाच मागवली जाते, पण ती चालते पान पूर्ण वाचून झाल्यावर आणि ‘डॉम कंटेंट लोडेड’ची वर्दी देण्याच्या आधी. अशा अनेक स्क्रिप्ट असल्या तर त्या लिहिलेल्या क्रमानेच चालतात. ‘धुऊन’ आणि ‘बसला’ यांचा क्रम एका शब्दात आला. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. साध्या स्क्रिप्टच्या बाबतीत ‘डिफर’ लागू पडतो तो वेगळ्या फाइलीतून आणलेल्या स्क्रिप्टला, पानातच लिहिलेल्या स्क्रिप्टला नाही. आणि ‘मॉड्यूल’ प्रकारच्या स्क्रिप्टला तो लावावाच लागत नाही, कारण ती स्वभावतःच वाचन संपेपर्यंत थांबते.

येथे थांबता आले असते. पण एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, स्क्रिप्टची फाइल पोचलीच नाही तर?’ प्रश्न रास्त होता. नेटवर्क मध्येच तुटते. जुन्या फोनवर नवी आज्ञा चालत नाही. एखादा स्वल्पविराम चुकतो. अशा वेळी डिफर काय करणार? यादी लपलेलीच राहणार.

तेव्हा चौथा आणि खरा बदल केला. यादी लपवणे बंद केले. शब्द क्रमाने लावण्याचे काम वाचकाच्या फोनवरून काढून आमच्याकडे घेतले. आपल्या संगणकावर एकदाच क्रम लावला, तपासला आणि क्रमवार यादीच पानात लिहिली. शोधाची चौकट तेवढी स्क्रिप्टकडे राहिली. आता स्क्रिप्ट आली तर शोध चालतो. नाही आली तर शोध चालत नाही, पण ‘मानस’, ‘कुळागर’ आणि ‘पदेर’ आपापल्या जागी दिसतात.

क्रम लावण्यातही एक धडा मिळाला. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे येते. आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर आहे. केवळ संकेतांकांप्रमाणे लावले तर मराठी कोशाचा क्रम मिळत नाही. तुलना मराठीच्या नियमाने करावी, असे संगणकाला वेगळे सांगावे लागते. हे काम वाचकाच्या फोनवर सोडले असते, तर ते बरोबर झाले की नाही हे आम्हाला कळलेही नसते.

थोडा इतिहास

ही अडचण आमच्यापुरती नव्हती. जावास्क्रिप्ट 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. तिची पहिली आवृत्ती अवघ्या दहा दिवसांत झाली, हे प्रसिद्ध आहे. आरंभी पाने लहान असत, त्यामुळे ‘लोड’पर्यंत थांबणे जड जात नसे. चित्रे वाढली तसे ते थांबणे जाणवू लागले. 2006 साली जॉन रेसिग यांनी ‘जेक्वेरी’ हे साधन प्रसिद्ध केले. त्यातली ‘रेडी’ ही सोय फार लोकप्रिय झाली. वेगवेगळ्या ब्राउझरांत ‘वाचून झाल्या’चा क्षण ओळखण्याची खटपट ती स्वतः करी, कारण इंटरनेट एक्सप्लोररला ‘डॉम कंटेंट लोडेड’ कळू लागले ते 2011च्या नवव्या आवृत्तीपासून. शिवाय पान आधीच तयार झाले असेल तरी ‘रेडी’ला सोपवलेले काम होतेच, घंटा चुकत नाही. आजचे ब्राउझर ही वर्दी एकसारखी देतात. त्यामुळे एवढ्या एका कामासाठी जेक्वेरी आणण्याची गरज उरलेली नाही. जुन्या पानांत मात्र ‘रेडी’ अजून दिसते आणि तिचा अर्थ माहीत असावा.

देवनागरीच्या दृष्टीने आणखी एक बारकावा आहे. पान वाचून झाले म्हणजे अक्षरवळण आले, असे नाही. पानासाठी वेगळा देवनागरी फॉन्ट मागवला असेल तर तो मागून येऊ शकतो. तोवर शब्द फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसतात आणि नंतर त्यांची रुंदी बदलते. कवितेच्या ओळी मोजूनमापून मांडायच्या असतील, तर ब्राउझरच्या फॉन्टसंचाचे ‘रेडी’ वेगळे असते, त्याची वाट पाहावी. नुसता मजकूर वाचायचा असेल तर थांबण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांसाठी तीन कसोट्या

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी आता आम्ही तीन गोष्टी तपासतो. कोणत्याही विभागाला त्या अर्ध्या तासात करता येतील.

1. बहुतेक ब्राउझरांत ‘कंट्रोल’ आणि ‘यू’ या कळा एकत्र दाबून पानाचा मूळ मजकूर पाहावा. आपला लेख, कविता किंवा शब्द तिथे सापडतो का? सापडत नसेल, तर तो पानात नाही, स्क्रिप्टच्या भरवशावर आहे.

2. ब्राउझरच्या विकसकांसाठीच्या साधनांत नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तो कमी करून पान पुन्हा उघडावे. नंतर जावास्क्रिप्ट पूर्ण बंद करून उघडावे. वाचण्याजोगे काय उरते ते पाहावे.

3. प्रत्येक स्क्रिप्टला तीन रूपांपैकी कोणते लागू आहे ते वहीत लिहावे : वाचता वाचता, वाचून झाल्यावर, की सगळे आल्यावर. कारण सांगता आले नाही, तर ‘डिफर’ लावून दुसरे रूप घ्यावे.

यांत चौथी कसोटी आम्ही मनाशी धरली आहे. ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांच्या फोनवर पान उघडून पाहायचे, प्रयोगशाळेतल्या संगणकावर नाही. मराठीच्या मुख्य प्रदेशाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे अधिक महत्त्वाचे आहे. आपला मजकूर आधीच थोडा आहे. तो वाचणारा माणूस बेळगावच्या सीमेवरच्या एखाद्या खेड्यात असेल, सत्तरीच्या डोंगरात असेल, नाहीतर इंदूरच्या जुन्या वाड्यात. पान कोरे दिसले तर तो तक्रार करत नाही. मास्तरांसारखा ‘राहू दे’ म्हणतो आणि पुन्हा येत नाही.

चौथा बदल झाल्यावर मी आणि ती प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मास्तरांच्या घरी गेलो. फोनवर नेटवर्कची एकच रेघ होती. पान उघडले. छायाचित्रांच्या जागा अजून रिकाम्या होत्या, शोधाची चौकट चालत नव्हती, पण शब्द होते. मास्तरांनी चष्मा पुसून घातला आणि बोटाने यादी हळूहळू वर सरकवत नेली. ‘मानस’पाशी ते थांबले. अर्थ वाचला, खालचे वाक्य वाचले. मग म्हणाले, ‘हे वाक्य माझेच. पण इथे एक काना राहिला आहे, बाई.’

काना त्याच संध्याकाळी दिला. पानातच दिला, स्क्रिप्टला हात लावावा लागला नाही.